भाग पाचवा

मोक्पोच्या बंदरामागे, मासळीबाजाराच्या डोक्यावर
आमचं न्हाणीघर रात्रभर उघडं असतं.
तापल्या फरशीवर सगळे एकाच विटकरी रंगाच्या
सदऱ्या-चड्डीत लोळत पडलेले,
मनगटाला कपाटाची किल्ली, किल्लीला आकडा.
मी गल्ल्यावर बसतो. नावं थोडीच ठाऊक असतात सगळ्यांची?
एकशे सत्तावीस म्हणजे गुडघे धरलेला बोटीवरचा मेकॅनिक.
चाळीस म्हणजे उकडलेली अंडी उधार नेणारी बाई.

शुक्रवारी अकराला टीव्हीचा आवाज कुणीतरी वाढवतं.
आज मीठागर.
काठोकाठ भरलेला वाडगा दोन्ही हातांत,
समोर पांढरं लख्ख, पायांखाली करकरणारं,
आणि चालायचं. थेंब सांडला
तर शिट्टीसुद्धा वाजत नाही.
माणूस नुसता खाली बसतो,
आणि मग बसलेलाच राहतो.

"डावीकडून जा गं, डावीकडून!" चाळीस ओरडते.
"तो टकलू मरणार, लिहून घ्या."
"मेला तर तुझी अंडी माझ्याकडून."
"छे, टकलू मरत नाही, त्याची मुलगी दाखवलीय मागच्या भागात."
एकशे सत्तावीस पडद्याकडे न बघता म्हणतो,
एवढ्या पैशांत आमच्या गल्लीतल्या
चार बोटी सुटल्या असत्या बँकेतून.
कुणी हसत नाही. मग टकलू मरतो,
आणि सगळे एकदम बोलायला लागतात.

खांबाशी बान इन-ग्यू.
अकरा आठवडे झाले, तो इथेच झोपतो.
त्याची बॅग माझ्या टेबलाखाली असते.
तो बोटांवर काहीतरी वजा करत होता, हातचा धरत,
आणि म्हणाला, "मी गेलो असतो."
चहा चालेल, म्हणावं ना, तसं.
चाळीसनं सोलत आणलेलं अंडं
अर्ध्यातच थांबवलं.

एवढ्यात कुणीतरी किंचाळलं:
"अगं ही आपली काप-सुन!"

चौथ्या रांगेत, कडेला. सात सेकंद.
बायकांच्या बाजूला पाठी घासून देणारी प्यो काप-सुन,
हातात वाडगा, ओठ आत ओढलेले.
सांडलं. बसली.
एकोणिसाव्या कपाटाच्या म्हातारीनं खरोखर हंबरडा फोडला
आणि मागे टॉवेलांच्या घड्या घालत उभ्या असलेल्या
जिवंत काप-सुनचा घोटा घट्ट धरला.

"किती दिले गं?"
"रोजंदारी, डबा, आणि मरायचे थोडे जास्त."
हशा. फरशी हादरेल असा हशा.
"आणि ते मीठ नव्हतं हो. माहेर माझं मिठागरांच्या बेटावरचं,
मला फसवतात! कसलीशी भुकटी होती,
जिभेवर ठेवली तर खडूच."
मग घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली,
"पहिल्यांदा सांडलंच नाही माझ्याकडून.
दुसऱ्यांदाही नाही. गेले सरळ पलीकडे.
चाळीस वर्षं कढत पाणी वाहिलंय या हातांनी,
त्यांना सांडायचं कसं ते कळेना.
शेवटी एक पोरगं धावत आलं, हात जोडून म्हणालं,
मावशी, सांडा की."

यावर मात्र कुणाला हसावं कळेना.

इन-ग्यूनं विचारलं, "पलीकडे काय होतं?"
"पलीकडे?" तिनं आठवून पाहिलं.
"प्लास्टिकच्या खुर्च्या. एक जनरेटर.
आणि एक मुलगा माझी चप्पल सांभाळत बसलेला."

एकनंतर टीव्ही बंद झाला. घोरणं सुरू झालं.
इन-ग्यू उठला, कागदी पेल्यात पाणी घेतलं,
झोपलेल्यांच्या पायांमधून, हातांमधून
बघत बघत पाऊल टाकत परत खांबाशी गेला.
पेला अर्धाच होता,
तरी दोन्ही हातांनी धरलेला.

महिनाअखेर जवळ आलीय. मी वही उघडली,
त्याच्या आकड्यापुढची अकरा रिकामी घरं पाहिली,
आणि माझा पेला उचलून
त्या पानावर नीट, कोपऱ्यापर्यंत, ओतला.
मालकाला सांगेन,
सांडलं हातून.